जानेफळातली राउटर-दुरुस्ती

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला आणि शर्ट माझा खराब झाला!

चुका सगळेच करतात हो. कोणी भाजीत दोनदा मीठ टाकतं, कोणी भलत्याच लग्नात जेवून येतं. मी काय केलं? आमच्या गल्लीतली सगळी घरं एकमेकांच्या अंगावर घातली. आणि तीही कशी, तर दुरुस्ती करून! बिघडवून भांडणं कोणीही लावेल. दुरुस्त करून भांडणं लावायला इंजिनिअर लागतो.

सगळं जग घरात बसलं होतं ते वर्ष आठवतंय ना? ऑफिस बंद झालं, मी पुण्याची खोली सोडली, बॅगेत लॅपटॉप टाकला आणि जानेफळला आलो. जानेफळ म्हणजे माझं गाव, मेहकर तालुक्यातलं. बारावीनंतर तिथे मी धड आठवडाभर सलग राहिलो नव्हतो. आणि मी एकटाच नाही. गल्लीतली सगळीच पाखरं परत आली होती. कोणी हैदराबादहून, कोणी नागपूरहून. वर्षानुवर्षं कुलूप पाहिलेली दारं उघडी होती. सकाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तो आवाज मी पुण्यात विसरलोच होतो.

आईचा आनंद तर विचारू नका. रोज म्हणायची, "हे असंच चालू राह्यन न रे अजून?"

मी म्हणायचो, "अगं, असं बोलू नको! बाहेर काय चाललंय!"

"ते हाय न बाप्पा. पन तू घरी हायेस न."



सगळं छान होतं, फक्त नेट सोडून. मोबाइलची रेंज तर आमच्या गल्लीत जेमतेम फोन लागण्यापुरती.

गल्लीत नेट आणलं होतं संतोषने. संतोष म्हणजे आमचा केबलवाला. पूर्वी टीव्हीची केबल टाकायचा, मग त्याच खांबांवरून नेटची वायर ओढली. प्रत्येक घरात त्याने एकाच जातीचा पांढरा डबा लावून दिला होता, म्हणजे राउटर. डबा गरीब होता बिचारा. साधी मेल पाहिली तर ठीक. पण मीटिंगमध्ये मी कॅमेरा चालू केला रे केला, की डबा बेशुद्ध! दिवे चालू, नेट बंद. माझा साहेब मला तोंड उघडं आणि डोळे अर्धे मिटलेले, एवढ्याच अवतारात ओळखायचा.

आता मी कोण? सॉफ्टवेअरवाला! मी गप्प बसणार?

या डब्यांच्या आतलं डोकं बदलता येतं, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. कंपनीने दिलेलं सॉफ्टवेअर काढायचं आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, उघडं, फुकट सॉफ्टवेअर टाकायचं. कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं. मी ते टाकलं. दुखणं तेच! म्हणजे रोग खोल होता. शोधत शोधत पोहोचलो ड्रायव्हरपर्यंत. ड्रायव्हर म्हणजे डब्यातल्या चिपशी बोलणारा मधला माणूस. सॉफ्टवेअर त्याला सांगतं, तो चिपला सांगतो.

सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत मी बस्तान मांडलं. एका पोत्यावर मी, दुसऱ्यावर लॅपटॉप, तिसऱ्यावर पोट फाडलेला राउटर आणि त्याच्यातून निघालेल्या वायरी. एकदा चहा घेऊन बाबा आले. बाबा मेहकर डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले.

"काय बिघडलं बे त्याचं?"

मी मान वर न करता म्हणालो, "ड्रायव्हर खराब आहे."

बाबा दारातच थांबले.

"काऊन? पेऊन येते का?"

"तसं नाही हो बाबा. लोड आला की मध्येच थांबतो. हाक मारली तरी ओ देत नाही."

"मंग त्याची ड्युटी लावनाऱ्याले पकड! डायवरच्या माथी नको मारू. जिंदगीभर आयकलं म्या हे. गाडी बंद पडली का डायवर, फाटा चुकला का डायवर!"

आणि चहा ठेवून निघून गेले. रागावले हो खरंच! जेवताना आईला म्हणे, "तुह्या पोराले सांग, घरात डायवरले नावं ठेवाची नाही."

पण बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, सापडला! गंमत अशी होती, की खूप माल एकदम आला की चिप म्हणायची 'जरा थांब', आणि पुढे 'आता चालेल' म्हणून खूण करायची. ती खूण आमच्या ड्रायव्हरला कधी कधी ऐकूच यायची नाही. मग तो चिपसाठी थांबलेला, चिप त्याच्यासाठी थांबलेली. लग्नात मानपानावरून दोन व्याही मांडवाच्या दोन टोकांना बसतात ना, तसं. मी चार ओळी लिहिल्या. खूण आली नाही तर थोडी वाट पाहायची आणि आपणच चिपला हलवून उठवायचं. झालं! डबा पळायला लागला. साहेबाने पहिल्यांदा माझे दोन्ही डोळे उघडे पाहिले.

आता इथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, नीट ऐका. प्रत्येक राउटरला कारखान्यातूनच स्वतःचा एक नंबर मिळालेला असतो. जगात दुसऱ्या कोणाचा नसतो तो. ड्रायव्हरने तो चिपमधून वाचायचा असतो. माझ्या चिरफाडीत तो वाचला जाईना, दर वेळी काहीतरी भलतंच यायचं. म्हणून चाचणीपुरता मी काय केलं, माझ्या राउटरचा नंबर हाताने तिथे लिहून टाकला. म्हटलं, नंतर काढू.

'नंतर काढू.' आमच्या धंद्यात यापेक्षा खोटं वाक्य नाही.

मी माझ्या ओळी त्या उघड्या सॉफ्टवेअरच्या मंडळींना पाठवून दिल्या. जगभरातून पाठवलेल्या दुरुस्त्या तिथली जाणती माणसं तपासतात आणि मग सगळ्यांसाठी घेतात. दुरुस्ती पाठवली आणि मी कॉलर ताठ करून ओट्यावर येऊन बसलो.

शेजारचे लहाने काका तिथूनच चालले होते. लहाने काका म्हणजे भाजीपाल्याची शेती, मोठा आवाज आणि त्याहून मोठं मन.

"काऊन रे नितीन, तुह्याकडचं नेट काऊन नाही जात? आमचं त दर घंट्याले मरते."

झालं! मला तेवढंच हवं होतं. मी त्यांना व्याही, मांडव, रुसवा, सगळं समजावलं. त्यांना काय कळलं देव जाणे, पण घरी गेले आणि राउटर उपटून घेऊनच आले. मागोमाग समोरचे वानखडे काका आले. तहसील ऑफिसातून निवृत्त, शर्टाची इस्त्री कधी न मोडणारी. त्यांची मुलगी स्नेहल नर्सिंग करून घरी आलेली, नोकरी शोधत होती. त्यांच्या मागून गल्लीतली बाकीची घरंही आली. आमच्या ओट्यावर पांढऱ्या डब्यांची रांग लागली! आईने त्यांच्यावर ओढणी टाकली, धूळ बसू नये म्हणून.

मी एकेक डबा घ्यायचो, माझं सॉफ्टवेअर टाकायचो, आमच्याच वायरला लावून तपासायचो. पळतोय? पळतोय! पुढचा. एकही नापास नाही. आणि घरोघरी जाऊन मी स्वतः शहाणपण शिकवलं, "कधी चुकून नेट गेलंच तर काय करायचं? बटण बंद, बटण चालू. बस."

हा सल्ला लक्षात ठेवा. आगीत तेल म्हणतात ते हेच.

सगळ्यांनी आपापल्या घरी डबे लावले आणि माझं नेट गेलं.

मी म्हटलं, असेल काही. बंद केलं, चालू केलं. आलं! तिकडून मंदाकाकूंचा आवाज, "अव माय, आत्ता होतं अन् आत्ता गेलं!" मंदाकाकू म्हणजे लहाने काकांच्या घरच्या. रोज मोबाइलवर आरतीचं लाइव्ह दर्शन घ्यायच्या. त्यांनी माझा सल्ला पाळला. बंद, चालू. त्यांची आरती सुरू झाली आणि समोर वानखडे काकांच्या बातम्या थांबल्या. त्यांनी बंद, चालू केलं. माझी मीटिंग मेली!

दोनच दिवसांत सगळ्या गल्लीला शोध लागला, की बटण दाबलं की नेट 'येतं'. आणि कोणाच्या तरी हेही लक्षात आलं, की शेजाऱ्याच्या घरात आलं की आपल्या घरातून 'जातं'. मग काय! खिडकीतून बघायचं, समोरच्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज आला की आपलं बटण दाबायचं. दिवसभर गल्लीत टकटक, टकटक. जणू सगळे मिळून तारा पाठवतायत.

मी कारण शोधलं का? हो तर! मी मोठमोठी कारणं शोधली. "इंटरफेरन्स आहे," मी म्हणालो. लहाने काकांना फ्रिज हलवायला लावला. फ्रिजमागे मुंग्यांचं अख्खं वारूळ निघालं. वानखडे काकूंच्या धान्याच्या कोठ्या मी पत्र्याच्या म्हणून मागच्या खोलीत न्यायला लावल्या. त्या नेताना वानखडे काकांच्या पायाचा अंगठा चेंगरला. इतकं करून काही होईना, तेव्हा मी संतोषला बोलावलं आणि चारचौघांत झापलं.

"संतोष, तुझ्या लाइनमध्ये फॉल्ट आहे."

"भाऊ, लाइन ओके हाय. म्या तीनदा चेक केली."

"मग माझं सॉफ्टवेअर चुकीचं आहे का?"

आता तुमच्यातला कोणीही, पुण्याहून आलेल्या इंजिनिअरला, त्याच्या आईसमोर, 'हो' म्हणेल का? संतोष डोकं खाजवत खांबावर चढला.

पण माणसांची डोकी वेगळीच चालतात. आमच्या गावात नळाला पाणी आलं की काही जण गुपचूप मोटर लावतात. त्यांची टाकी भरते आणि पुढच्या घरच्या नळाला नुसती हवा! लहाने काकांच्या मनात तेच आलं. एक दिवस ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"वानखडे! नेटले मोटर लावली का बे तू?"

"काय?" वानखडे काका बाहेर आले.

"मोटर! तुह्या घरी चालू झालं का आमचं बंद! समदं नेट वढून घेऊन राह्यला तू!"

"नेटले मोटर लागते का कुठी? डोकं ठिकानावर हाय का तुहं?"

"मंग दाखव! घर उघडून दाखव!"

हे दोघे कोण होते सांगू? एका बाकावर शिकलेले. रोज सकाळी मळ्यातून येताना लहाने काका वानखड्यांच्या ओट्यावर वांगी, पालक, काय असेल ते ठेवायचे, आवाजही द्यायचे नाहीत. आणि संध्याकाळचा चहा दोघांचा एकत्र, आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. मी लहानपणापासून पाहिलेलं. त्या दिवसानंतर ओट्यावर भाजी आली नाही. चहाही बंद.

मला वाईट वाटत होतं. पण माझी चूक आहे हे मनाला शिवलंही नव्हतं! मी दोघांनाही समजावत होतो, "काका, तांत्रिक गोष्टी असतात, माझ्यावर सोडा."

आणि मग व्हायचं ते झालं. स्नेहलची मुलाखत होती, नागपूरच्या एका हॉस्पिटलसाठी. ऑनलाइन. वानखडे काकूंनी तिच्यामागे भिंतीवर नवीन चादर लावलेली. स्नेहल पांढरा ड्रेस घालून बसलेली. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला, तिसऱ्याचं उत्तर देता देता समोरचे साहेब गोठले. तिकडे मंदाकाकूंच्या आरतीची वेळ झाली होती. त्यांनी बटण दाबलं होतं. स्नेहलने बटण दाबेपर्यंत मी दाबलं. कारण माझं गेलं होतं ना!

स्नेहल बाहेर आली ती रडतच. "किती तयारी केलती म्या," एवढंच म्हणाली. हॉस्पिटलवाल्यांनी फोन करून सांगितलं, उद्या दुपारी पुन्हा घेऊ, पण शेवटची संधी.

मग मात्र गल्ली पेटली. आमच्या ओट्यासमोर सगळे जमले. वानखडे काका, ज्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, ते लहाने काकांवर ओरडत होते. लहाने काका त्यांच्यावर. मंदाकाकू म्हणत होत्या, "मले का सपन पडलं होतं का तिचा इंटरू हाय म्हनून!" वानखडे काकू डोळे पुसत होत्या. संतोष मधे उभा राहून सगळ्यांच्या शिव्या वाटून घेत होता.

नेमका त्याच क्षणी माझा मोबाइल वाजला. मेल! त्या सॉफ्टवेअर तपासणाऱ्या जाणत्या माणसाचं उत्तर आलं होतं. परदेशातला कुठला तरी गृहस्थ, मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

मला काय अवदसा आठवली बघा. मला वाटलं, हीच वेळ आहे. यांना एकदा कळू दे की आपल्या गल्लीतल्या पोराची दुरुस्ती जग मान्य करतंय, म्हणजे हे माझ्यावर विश्वास ठेवतील, शांत होतील. मी ओट्यावर चढलो.

"थांबा, थांबा! भांडू नका! परदेशातून उत्तर आलंय, ऐका!"

परदेश म्हटल्यावर सगळे गप्प झाले हो.

मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायला लागलो. "ते म्हणतात, तुमचं काम चांगलं आहे. आम्ही तपासून पाहिलं. राउटर आता अडकत नाही. बऱ्याच लोकांना याचा त्रास होता. तुमचे आभार."

आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी मान ताठ केली. लहाने काकासुद्धा म्हणाले, "पोट्टा हुशार हाय, त्यात वाद नाही."

"पुढं ते म्हणतात, फक्त एक शंका..."

आणि मी थांबलो.

"काय शंका हाय?" बाबा म्हणाले.

"काही नाही. तांत्रिक आहे."

"वाच न मंग. आम्ही का पयली पास हाओ का?"

मी मोबाइल खिशात सरकवायला गेलो. स्नेहल शेजारीच उभी होती. तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला, डोळे पुसले आणि वाचलं. मग मोठ्याने, सावकाश, सगळ्यांना कळेल असं सांगितलं:

"ते विचारून राह्यले, शेवटच्या ओळीत तुम्ही एक नंबर हातानं लिहिला हाय. जगातल्या साऱ्या राउटरले तुमच्याच घरचा नंबर द्यायचा इरादा हाय का?"



"म्हंजे काय?" वानखडे काका म्हणाले.

आता सांगणं भाग होतं. मी ओट्यावरून खाली उतरलो. उंचीवरून सांगण्यासारखं ते नव्हतंच. म्हटलं, "काका, समजा गल्लीतल्या प्रत्येक माणसाचं नाव नितीन ठेवलं. बाहेरून कोणी नितीनसाठी निरोप आणला, तर तो कोणाला देणार? ज्याने शेवटी ओ दिली त्याला. बटण दाबणं म्हणजे ओ देणं. मी... मी सगळ्यांच्या डब्यांत माझाच नंबर टाकलाय. चुकून."

वानखडे काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"म्हंजे इतके दिवस आमच्या साऱ्याईच्या घरात तूच बसला होता!"

"हो काका."

"अन् म्या इकडं अंगठा चेंगरून घेतला!"

"हो काका."

"अन् मले खांबावर चढोलं!" हा संतोष.

"हो रे बाबा."

लहाने काका मात्र माझ्याकडे पाहतच नव्हते. ते वानखडे काकांकडे बघत होते. जरा खाकरले.

"मंग मोटर नव्हती म्हनतो."

"नव्हती न बे! किती डाव सांगू!"

"बरं झालं," लहाने काका म्हणाले. मग जरा थांबून, "चा घेतला का?"

"कोठं घेतला. भांडून त राह्यलो कवापासून."

आणि दोघे लहान्यांच्या घराकडे चालायला लागले! माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. माझ्यापेक्षा चहा महत्त्वाचा होता.

मी मागून म्हणालो, "काका, मी आत्ता सगळ्यांचे डबे नीट करून देतो!"

सगळी गल्ली एका सुरात ओरडली, "हात नको लावू!"

दुसऱ्या दिवशी दुपारी स्नेहलची मुलाखत. गल्लीचा ठराव झाला होता: वानखडेंचा सोडून सगळ्यांचे राउटर बंद. नुसते बंद नाही, वायर उपटून! आणि माझ्यावर कोणाचाच भरवसा नसल्यामुळे मला वानखडेंच्या ओट्यासमोर, कडुलिंबाखाली, सगळ्यांच्या नजरेसमोर बसवलं. बाबा शेजारी. म्हणाले, "हात मांडीवर ठेव. दिसू दे."

पण खरं सांगू? माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर दुपार होती.

नेट नाही म्हणून कोणाच्या हातात मोबाइल नाही. घरं सोडून सगळे त्या झाडाखाली येऊन बसलेले, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल, टॉवेल, जे मिळेल ते बांधून. हैदराबादवाला, नागपूरवाला, सगळे. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही इथेच बसायचो कैऱ्या खात. मंदाकाकूंनी कुकर चुलीवरून उतरवून ठेवलेला, शिट्टी नको म्हणून. एक कुत्रं भुंकलं, तर लहाने काकांनी त्याला एका शब्दानेही न हटकता थेट चप्पल भिरकावली आणि मग एका पायावर उड्या मारत ती आणायला गेले. कोणी हसलं नाही. म्हणजे, आवाज न करता हसलं. बाबांचे खांदे हलताना मी पाहिले.

आणि खिडकीतून स्नेहलचा आवाज येत होता. स्वच्छ, न अडखळता, इंग्रजीत. निम्म्यांना काही कळत नव्हतं, पण प्रत्येक उत्तराला माना हलत होत्या. वानखडे काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. मधेच लहाने काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

स्नेहल बाहेर आली. सगळे उभे!

"झालं?"

"झालं. चांगलं झालं." मग तिला हसू आलं. "ते विचारत होते, तुमच्या गावात इतकं शांत कसं काय असते?"

नोकरी तिलाच मिळाली. बातमी आली त्या दिवशी कडुलिंबाखाली गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. वांगी कोणाची, सांगायला नकोच.

मी डबेसुद्धा दुरुस्त केले, बरं का! पण वानखडे काका शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक डब्याचा नंबर स्वतःच्या चष्म्यातून पाहिल्याशिवाय सोडायचे नाहीत. परदेशातल्या त्या माणसाला मी शेवटची ओळ काढून पुन्हा पाठवलं आणि त्याने ते घेतलं. आज जगात कुठे कुठे, कोणाकोणाच्या घरात माझ्या त्या चार ओळी चालत असतील. त्यांना जानेफळ माहीत नाही, सोयाबीनची पोती माहीत नाहीत.

नेट सगळ्यांचं नीट झालं, त्या संध्याकाळी मी ओट्यावर येऊन बसलो. गल्लीत कोणीच नव्हतं. सगळे आपापल्या घरात, आपापल्या पडद्यासमोर. आई म्हणाली, "काऊन रे, कसं सुनं सुनं वाटून राह्यलं?" 

पुढे ऑफिसं उघडली, पाखरं उडाली. स्नेहल नागपूरला. बाबा मागच्या वर्षी गेले. आता मी जातो तेव्हा निम्म्या दारांना पुन्हा कुलपं असतात. कडुलिंब आहे, पण त्याखाली दोनच खुर्च्या असतात, लहाने काका आणि वानखडे काका. मी दिसलो की दोघे हात वर करून म्हणतात, "आले का एक नंबर?"

हे 'एक नंबर'चं ऐका. माझ्या लग्नाचं बघायला आम्ही चिखलीला गेलो होतो. बाबा होते तेव्हा. सोबत लहाने काका, कारण स्थळ त्यांनीच सुचवलेलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा कामात कसा आहे?"

लहाने काका छाती पुढे काढून म्हणाले, "एक नंबर इंजिनिअर हाय!"

मुलीचे वडील खूश. मी लाजलो. आणि बाबा, माझे स्वतःचे बाबा, पोह्यांची बशी हातात धरून एवढे हसायला लागले की त्यांना ठसका लागला! मुलीने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "काका, एक नंबर म्हणजे?"

"म्हंजे काय व बाई," लहाने काका म्हणाले, "साऱ्या गल्लीले यानं एकच नंबर देला!"

आणि मग त्यांनी हा सगळा किस्सा सांगितला, मोटरपासून आरतीपर्यंत. मी पोह्यातले शेंगदाणे मोजत बसलो. तरी तिने होकार दिला. का दिला, ते अजून सांगत नाही.

पण लग्नाला एवढी वर्षं झाली. मी दिवसभर लोकांच्या यंत्रांतले दोष काढतो, त्याचाच पगार घेतो. आणि आमच्या घरातलं नेट गेलं, की ती राउटरकडे बघत नाही, संतोषसारख्या कोणाला फोन करत नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि विचारते,

"खरं सांग, तू काही दुरुस्त केलंस का?"